कापडी गर्भाशय

खेळण्यांच्या कारखान्यात तिला सगळ्या टाचणी म्हणत. अंगकाठीच तशी होती. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी एक दिवस तिला गाठलं. कारखान्यातल्या बायकांना शरीराची माहिती द्यायची होती, पण तक्त्यावरचं चित्र कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. हातात धरता येईल असं गर्भाशय शिवून देशील का, असं त्यांनी विचारलं. टाचणीनं आजवर अस्वलं आणि ससे शिवले होते. जे आपल्याच पोटात आहे ते दिसतं कसं, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. सिस्टरांकडून सगळं नीट समजून घेऊन ती हो म्हणाली.

सुट्टीच्या दुपारी ती घरी शिवायला बसली. मुठीएवढं गर्भाशय, वर रुंद, खाली निमुळतं. दोन्ही बाजूंना बीजनलिका, त्यांच्या टोकांना झालर, झालरीशेजारी बदामाएवढी अंडाशयं आणि खाली योनीमार्ग. सासूबाई पलंगावर आडव्या होऊन बघत होत्या. महिन्याला एक बीज सुटतं, झालर ते झेलते, आत अस्तर तयार होतं आणि गर्भ राहिला नाही तर तेच पाळीतून बाहेर पडतं, असं सून शिवता शिवता सांगत होती. सासूबाईंनी ती थैली मुठीत धरून पाहिली.

"एवढ्याशा जागेत तुझा नवरा मावला होता?"

दोघी पोट धरून हसल्या.

शेवटी टाचणीनं पट्ट्या जोडल्या. या कशाला, असं सासूबाईंनी विचारलं. गर्भाशय या पट्ट्यांच्या आणि खालच्या स्नायूंच्या आधारानं राहतं. बाळंतपणात ते ताणून सैल पडले की गर्भाशय खाली उतरतं, असं तिनं सांगितलं. सासूबाई उठून बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझं अंग बाहेर येतं गं. अकरा वर्षं झाली."

टाचणीची सुई थांबली. जराशा कामानं आडव्या होणाऱ्या या बाईला घरातले सगळे आळशी म्हणत. त्या सगळ्यांत तीही होती.

"मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं," सासूबाई म्हणाल्या.

"चुकलं आमचं, आई. याला इलाज आहे."

दुसऱ्याच दिवशी दोघी केंद्रात गेल्या. तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रिया केली. पुढचे तीन महिने सुनेनं सासूला पाण्याचा तांब्यादेखील उचलू दिला नाही.

त्यानंतर सिस्टरांनी कारखान्यात ठेवलेल्या वर्गाला सासूबाई सुनेसोबत आल्या. सिस्टर बोलू लागल्या तशा बायका पदराआड, रुमालाआड खुदखुदू लागल्या. सासूबाई उठल्या आणि त्यांनी ते कापडी गर्भाशय हातात घेतलं.

"हसून घ्या, मीही हसले होते," असं म्हणून त्यांनी झालरीपासून अस्तरापर्यंत एकेक भाग दाखवला. मग ताणून धरलेल्या पट्ट्या सैल सोडल्या. थैली खाली घसरली. "माझं असं झालं होतं. लाजेपायी अकरा वर्षं अंथरुणात काढली. तुम्ही काढू नका."

खोलीत कुणी हसेना. पॅकिंगमधल्या एका थोराड बाईनं मान खाली घालूनच हात वर केला. मग दुसरीनं. वर्ग संपेपर्यंत सहा हात वर झाले होते.

पुढच्या सुट्टीला त्या सहाही जणी केंद्रात निघाल्या. सगळ्यांच्या पुढे, ताठ मानेनं, सासूबाई चालत होत्या आणि आत सिस्टर काय काय विचारतील, ते मोठ्यानं सांगत होत्या. रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. त्यांनी आवाज मुळीच खाली आणला नाही.