टपावरची माणसं

तळोद्याहून चढत आलेली जीप जिथे शेवटची थांबते, त्या वस्तीतल्या शाळेच्या भिंतीवर तिथल्याच दिवलीबाईने आगगाडी रंगवली. आगगाडी तिने कधी पाहिली नव्हती. राजेंद्र गुरुजींनी मोबाइलवर फोटो दाखवला, त्यावरून तिने डबे, खिडक्या, चाकं झकास उतरवली. फक्त टपावर माणसं बसवली, कोंबड्या-गाठोड्यांसकट. जीप टप भरल्याशिवाय हलत नाही, मग एवढी मोठी गाडी कशी हलेल?

कुणीतरी रील टाकली आणि बघता बघता सगळ्या मुलखाने पोट धरून हसून घेतलं. हसणाऱ्यांचं काय जातं! गुरुजींना मात्र वरून फोन आला आणि ते शिडी आणि चुन्याची बादली घेऊन भिंतीशी आले.

"दिवलीबाई, टपावरचे तेवढे पुसावे लागतील. शाळेचं हसं झालंय."

"तू त्यांची तोंडं बघितली का, गुरुजी?" डोंगरात गुरुजी काय नि साहेब काय, सगळ्यांना तूच. "ऊसतोडीला गुजरातेत गेलेत ना, ते आहेत. खिडक्यांत त्यांची पोरं. पोरं भिंतीकडे तोंड करून प्रार्थनेला उभी राहिली की पुढच्यांच्या डोक्यांआड खिडक्या जातात. टप दिसतो."

गुरुजींनी तोंडं बघितली. पण हुकूम तो हुकूम. ते शिडी चढले. दिवलीबाईच्या मनाला फार लागलं, तरी ती हलली नाही. पुसणाऱ्याने आपल्यादेखत पुसावं, असं तिच्या मनात होतं.

तेवढ्यात गुरुजींचा फोन वाजला. हाताला चुना, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. उसाच्या फडावरून, शाळेतल्या रिनाची आई कमलीबाई बोलत होती.

"गुरुजी, टपावर लाल लुगड्यातली मीच ना? मुकादमाच्या मोबाइलात दिसले. इथे सगळे आपापलं तोंड शोधताहेत. माझी रिना कुठे आहे?"

गुरुजींनी वाकून पाहिलं. "बरोबर तुझ्या खालच्या खिडकीत."

"मग तिला सांग, आई वरच बसलीय."

गुरुजींनी फोन ठेवला. शिडीवरून उतरले आणि बादलीतला चुना मागच्या कोऱ्या भिंतीला फासून आले. वरच्या साहेबांना काय सांगायचं ते त्यांचं ते बघतील.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला ते म्हणाले, "डोळे मिटा." रिनाने मिटले नाहीत. मान वर करून ती टपाकडे बघत राहिली. गुरुजींनी बघून न बघितल्यासारखं केलं, आणि कुंपणाशी उभ्या असलेल्या दिवलीबाईचा ऊर अभिमानाने भरून आला.