भरीव वर्तुळ

मी नकाशा आहे, पण कागदाचा समजू नका. खळ चढवलेलं कापड, त्यावर काळी शाई. १९५७ साली कुवेतमधल्या एका तेल कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात दाभोळच्या नझीरनं मला काढलं. रेघ ओढावी तर त्यानंच.

त्याआधी मोजणीच्या पार्टीबरोबर त्यानं मंगफ गावाच्या पश्चिमेचं वाळवंट पालथं घातलं होतं. तिथं मुनिरा नावाची म्हातारी शेळ्या राखायची. आसपास गोड पाण्याची विहीर ती एकच, तिच्या सासऱ्यानं खणलेली. मोजणीवाले तापून आले की ती पोहऱ्यानं पाणी काढून द्यायची. नझीर तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा.

माझ्यावर पाण्याची विहीर म्हणजे पोकळ वर्तुळ. तेलासाठी पाडून सोडून दिलेलं भोक म्हणजे भरीव. नेमका खालाच्या वर्तुळात शाईचा थेंब पडला आणि ते भरीव झालं. वाळल्यावर ब्लेडनं खरवडलं की काम भागलं असतं. पण मुंबईची बोट त्याच दुपारी सुटणार होती. घरी त्याच्या बायकोला, झुलेखाला, मुलगी झाली होती. वर्षाची झाली तरी यानं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. साहेब थांबवून घेईल म्हणून बोलला नाही. "आल्यावर करतो," एवढं पुटपुटून निघाला. मेल्याला हाक मारायला मला तोंड नव्हतं.

तीन महिन्यांनी परतला, तोवर माझ्या प्रती निघाल्या होत्या. सिमेंटची गाडी घेऊन माणसं एकेक भरीव वर्तुळ बुजवत गेली. मुनिरा आडवी आली, तर तिला माझी प्रत दाखवली. माणसांची खोडच ती. समोर पाणी दिसत असलं तरी आधी नकाशात बघतात.

नझीरला ती टँकरच्या रांगेत भेटली, हातात पत्र्याचा डबा. शेळ्या निम्म्या उरल्या होत्या. चूक माझी, खाला, शाई सांडली, असं त्यानं रडत सांगितलं.

ती म्हणाली, "कागदाचं सोड. तू तर ते पाणी प्यायला होतास."

परत येऊन त्यानं तो ठिपका खरवडला. इतक्या बेतानं की डागही दिसत नाही. पुढे बासष्ट साली नोकरी सोडून तो कायमचा दाभोळला गेला. विमानातून काढलेल्या फोटोंवरचे नवे नकाशे आले, मी खणात पडलो. कडा विरल्या आहेत, मला वाईट वाटतं, पण ते असो.

एकच मागणं आहे. कधी मला उघडलंत, तर त्या पोकळ वर्तुळावर विसंबून कुणा तहानलेल्याला तिकडे धाडू नका. तिथं सिमेंट आहे.