लाल कड्याचं अंडं

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर दोन पिंजरे, मधोमध सोनाराचा नाजूक तराजू आणि तराजूमागे कडेबाबा.

"बघा हो बघा! या पिंजऱ्यातल्या फिंच पक्ष्याच्या, या नराच्या पायात माझं मंतरलेलं लाल कडं. त्या पिंजऱ्यातला नर बिचारा अनवाणी! दाणा तोच, पाणी तेच, माद्या सख्ख्या बहिणी. आता अंडी बघा!"

सोनाराने वाटाण्याहून जराशी मोठी अंडी चिमट्याने पारड्यांत ठेवली. लाल कड्याच्या घरचं पारडं झुकलं आणि टाळ्यांनी छत उडायची वेळ आली.

"गर्भात तेज उतरतं ते बापाच्या पायातून!" बाबा गरजले. "ज्यांची बायको गरोदर, त्यांनी उजव्या पायात कडं घालावं. आणि औषधं बंद! कडं आणि गोळी एका घरात नांदत नाहीत."

शेवटच्या रांगेत डॉक्टरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्या रांगेत त्यांचीच धाकटी बहीण टाळ्या पिटत होती. तिला सहावा महिना लागला होता. अंगात रक्त इतकं कमी, की तिचे रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंची झोप उडाली होती.

आठवड्याभरात गावाचं रूपच पालटलं. पोस्टमन, शिंपी, दंतवैद्य, सगळे उजवा पाय गुडघ्यापर्यंत उघडा टाकून हिंडू लागले, कारण कडं बायकोच्या नजरेस पडलं पाहिजे, असा बाबांचा हुकूम होता. शिंप्याकडे एक पाय आखूड असलेल्या पँटींची रीघ लागली. एका ब्रह्मचाऱ्यानेसुद्धा कडं घातलं. का, तर आगाऊ तयारी! डॉक्टरीणबाईंचे मेहुणे, म्हणजे या धाकटीचे यजमान, गणिताचे मास्तर. तेही फळ्यासमोर पँटचा एक पाय दुमडून त्रैराशिक शिकवत होते.

"गोळ्या घेतेस ना?" डॉक्टरीणबाईंनी बहिणीला विचारलं.

"मोरीत ओतल्या. ताई, तराजू खोटं बोलतो का गं?"

तराजू खोटा नव्हता, सोनारही सरळ माणूस होता. अंडं खरंच जड भरलं होतं. मग का? डॉक्टरीणबाईंनी पक्ष्यांवरची पुस्तकं पालथी घातली, बाबांच्या पिंजऱ्यांसमोर तासन्‌तास बसल्या आणि एका संध्याकाळी एकट्याच खो खो हसल्या.

"आपण तराजूलाच पुन्हा विचारू," त्या बहिणीला म्हणाल्या. "मंत्र खोटा ठरला तर?"

"तर मुकाट गोळ्या घेईन. खरा ठरला तर दवाखान्यात बाबांचा फोटो लावायचा!"

"लावीन."

डॉक्टरीणबाईंनी भर सभेत आव्हान दिलं, तेव्हा गर्दीपुढे बाबांनाही नाही म्हणायची सोय उरली नाही. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत सहा नवी जोडपी सहा पिंजऱ्यांत मांडली. दिवसभर पेशंटांचा पहारा, रात्री किल्ली सोनाराकडे. तीन नरांच्या पायांत बाबांनी यथासांग मंत्र म्हणून कडी घातली. फक्त त्या कड्यांवर डॉक्टरीणबाईंनी आधीच हिरवं नेलपॉलिश फासलं होतं.

"रंगाने काय होतंय?" बाबा तोऱ्यात म्हणाले. "शक्ती मंत्रात आहे!"

उरलेल्या तिघांसाठी डॉक्टरीणबाईंनी रक्ततपासणीच्या बाटल्यांची लाल झाकणं कापून कडी केली. ती घालताना मंत्राऐवजी त्या खड्या आवाजात म्हणू लागल्या, "सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस... सतरा पाचे पंचाहत्तर..."

"पंच्याऐंशी!" मेहुणे कळवळून ओरडले.

माद्या अंडी घालेपर्यंत थांबणं भाग होतं. बहीण मात्र दिवसेंदिवस पांढरीफटक पडत चालली. एकदा ती दवाखान्याच्या तिसऱ्याच पायरीवर धापा टाकत बसली. बाबांची फजिती गेली खड्ड्यात, आधी ही वाचू दे, असं डॉक्टरीणबाईंना झालं. विनवण्या करून पाहिल्या, पण बहीण पैजेला चिकटून होती.

अखेर तराजू आणि पिंजरे पुन्हा व्यासपीठावर आले. एका पारड्यात मंत्राची हिरवी बाजू, दुसऱ्यात पाढ्याची लाल बाजू, दोन्हीकडे अंडी तितकीच. सोनाराने हात काढला आणि मंत्र अलगद वर गेला.

"नेलपॉलिशने मंत्राचा श्वास कोंडला!" बाबा किंचाळले.

"आणि पाढ्याला कसली शक्ती मिळाली?" सोनाराने विचारलं. "तोही चुकलेला!"

मग जो हशा उसळला, त्यात बाबा मागच्या दाराने कधी सटकले ते कुणालाच कळलं नाही.

डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. "या पक्ष्यांच्या मादीला लाल रंगाची भारी ओढ. जोडीदार मनात भरला की ती अंड्यात जास्त ऐवज ओतते, नाही भरला की हात आखडता घेते. ठरवते ती आणि झिजतेही तीच. कवचाचं कॅल्शियमसुद्धा तिच्या हाडांतून निघतं. बाबांनी श्रेय दिलं कड्याला, तुम्ही दिलं नवऱ्याला. मादीकडे कुणी बघितलंच नाही!"

बहीण हळूच उठली. "पण ताई, मलाही हे आवडतात की. कडं नव्हतं तेव्हाही आवडायचे."

मास्तर कानापर्यंत लाल झाले. सभागृह पोट धरून हसलं. डॉक्टरीणबाईही हसल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

"आवडू देत गं. पण तू पक्षी नाहीस, आणि त्या पक्षिणीलाही सगळं आपल्याच अंगातून काढून द्यावं लागतं. तुझ्या अंगातच नसेल तर बाळाला देणार कुठून?"

बहीण क्षणभर पिंजऱ्यातल्या इवल्याशा मादीकडे बघत राहिली. मग तिने हात पुढे केला. "दे गोळी."

मास्तर दुमडलेल्या पँटनिशी पाण्यासाठी धावले. बहिणीने सगळ्यांदेखत गोळी गिळली. तिच्यामागे पोटुशा बायकांची रांग लागली. "सरका हो, आधी आम्हाला येऊ द्या," म्हणत त्यांनी आपापल्या कडेवाल्या नवऱ्यांना बाजूला सारलं.

तेव्हा मंडळी, डोळ्यांनी दिसलं ते खुशाल माना. पण ते का घडलं, हे दिसलं असं समजू नका. ते विचारावं लागतं, पुन्हा करून बघावं लागतं. आणि कुणी कितीही झुकलेलं पारडं दाखवलं, तरी तेवढ्यावर घरातल्या बाईचं औषध मोरीत ओतू नका.