पिशवीच्या तळाची क्यू

मी एक जुनी सोंगटी आहे, मित्रांनो, आणि अंगाने जरा जाडच. इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळातलं क्यू हे अक्षर माझ्या पाठीवर कोरलेलं आहे. माझ्या बाकीच्या बहिणी कारखान्यात एकाच मापाने जन्मल्या. मी मात्र बार्बाडोसच्या किनाऱ्यावर, डार्नलीच्या होड्या दुरुस्त करायच्या पडवीत जन्मले. खरी क्यू जमिनीच्या फळ्यांमधल्या फटीतून घराखाली पडली आणि कोंबडीने गिळली की काय, पुन्हा दिसलीच नाही. तेव्हा डार्नलीने महोगनीचा उरलासुरला तुकडा कापून, घासूनपुसून मला घडवलं आणि कोपऱ्यात दहा गुणांचा आकडा कोरला. मग मला बायकोच्या, युडोराच्या, तळहातावर ठेवून तो म्हणाला, "जाड झालीय थोडी, पण लाकूड अस्सल आहे." माझी स्तुती झाली ती तेवढीच.

या खेळात कापडी पिशवीत न बघता हात घालून सोंगट्या काढायच्या असतात. मी जाड, त्यामुळे बोटांना लगेच कळते. आणि क्यू हवी असते कुणाला? बहुतेक इंग्रजी शब्दांत माझ्यापाठोपाठ यू हे अक्षर लागतं. ते मिळालं नाही, तर मी खेळणाऱ्याच्या पट्टीवर तशीच बसून राहते आणि डाव संपला की त्याचे दहा गुण कापले जातात. म्हणून रविवारी प्रार्थनेनंतर खेळायला येणाऱ्या बायका मला चाचपायच्या आणि सोडून द्यायच्या. सगळ्या बहिणी पटावर जाऊन मिरवायच्या, मी आपली पिशवीच्या तळाशी. त्या अंधारात फार एकटं वाटायचं, खरंच सांगते.

फक्त मर्लीनच्या बोटांना मी कळायचे नाही. मर्लीन समोरच्या घरात राहायची आणि ऑइस्टिन्सच्या बाजारात मासे विकायची. आयुष्यभर सुरी चालवून तिची बोटं घट्टे पडून निबर झाली होती. शाळा लहानपणीच सुटली, म्हणून शब्दही बेताचे. मी तिच्या हाती लागले की ती अडकायची, हिरमुसायची आणि अर्धा डाव टाकून गल्ली ओलांडून घरी जायची. डार्नली गेल्यावर युडोराला तिच्याशिवाय जवळचं कुणी नव्हतं. मर्लीनने एकदा असंच उठून जाऊन बरेच दिवस तोंड दाखवलं नाही. ती परत आली त्या संध्याकाळी पिशवीत युडोराचा हात आला. तिची बोटं शिवणकामाने तयार झालेली. त्यांनी मला ओळखलं, आणि सोडून न देता उचलून घेतलं. त्यानंतर प्रत्येक डावात तिने मला आपल्याकडेच घेतलं.

सुरुवातीला तिचेही गुण गेले. मग ती जुना शब्दकोश घेऊन बसली आणि माझ्यापाठोपाठ यू न लागणारे माझे छोटे छोटे शब्द शोधू लागली. 'ची', इंग्रजीत लिहायचा क्यू-आय, म्हणजे अंगातला प्राण. 'चिन' म्हणजे चिनी लोकांचं तारांचं वाद्य. 'सूक' म्हणजे अरबांचा बाजार. अहो, त्यात तुमचा 'फकीर'सुद्धा निघाला. 'सूक' लावून ती मर्लीनला म्हणायची, "बघ गं, तुझं ऑफिस!" मर्लीन म्हणायची, "तिथे माशांचा वास येतो का ते सांग, मग माझं." दोघी माबीचं कडवट सरबत पीत हसायच्या. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस म्हणाल तर तेच.

पण त्या छोट्या शब्दांवर युडोरा जिंकू लागली, आणि मर्लीनच्या मनात संशयाचा किडा शिरला. एका रविवारी सगळ्या बायकांसमोर ती म्हणाली, "क्यू नेहमी तुझ्याकडेच कशी जाते गं? पिशवीत हात घालून चाचपतेस तू."

युडोराने खरं कारण सांगायचं म्हटलं, तर मर्लीनला खेळ जमत नव्हता हे चारचौघींत बोलावं लागलं असतं. युडोराने खाली बघितलं. "हो, चाचपते," एवढंच ती म्हणाली.

मर्लीनने मला मुठीत घेतलं आणि ती निघून गेली. मला तिने जुन्या बटणांच्या डब्यात टाकलं. मित्रांनो, मी एकटीच साक्षीदार होते आणि मला तोंड नव्हतं. वर्षं गेली. समोर युडोराकडे दिवा लागला की मर्लीन खिडकी लावून घ्यायची, आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडायची. केलेले फिशकेक, म्हणजे माशाचे वडे, ती एकटीच खायची. कधी डबा उघडून मला अंगठ्याने चोळायची आणि परत ठेवायची. मला ओरडून सांगावंसं वाटायचं.

मग एक दिवस युडोराची भाची आली. मावशीला आता काही आठवत नाही, तुम्ही येऊन बसाल का, असं तिने विचारलं. मर्लीनने अंगावर चांगला झगा चढवला आणि मला घेऊन गल्ली ओलांडली.

युडोराने तिला ओळखलं नाही. भाचीने पट मांडला. मर्लीनने मला गुपचूप पिशवीत टाकलं. युडोराला आता एकही शब्द जुळवता येत नव्हता. अक्षरं ती नुसती उलटीसुलटी ठेवायची. पण पिशवीत तिचा हात आला, बोटं माझ्यावर थांबली आणि त्यांनी मला उचललं.

"ती मला द्या ना," मर्लीन हळूच म्हणाली.

युडोराने मला मुठीत लपवलं. "नको हो. ही माझ्याकडेच असू दे. माझी एक मैत्रीण आहे, ती हिच्यामुळे अडकते. मग रुसून घरी जाते."

मर्लीनने डोळे पुसून विचारलं, "आणि तुमचे गुण जातात त्याचं काय?"

"गुणांचं काय घेऊन बसलात? ती परत आली पाहिजे."

आता मर्लीन रोज येते. युडोरा रोज तिला नव्याने नाव विचारते, आणि मर्लीन सांगते. नाव ऐकून युडोरा म्हणते, माझ्या मैत्रिणीचंही हेच नाव.

मित्रांनो, खेळ झाला की आम्हाला मोजून पिशवीत ठेवा, हरवू देऊ नका. आणि तुमच्या घरी नको असलेली सोंगटी कुणी निमूटपणे स्वतःकडे घेत असेल, तर त्या व्यक्तीला त्याचं कारण विचारा. ती तुम्हाला ओळखते आहे तोवर विचारा.