धुतलेला दगड

"मामा, खिडकीबाहेरचा हा दगड रजिस्टरात कुठंच सापडत नाही. टाकून देऊ?"

नव्या मॅडमनी विचारले मात्र, चाळणमामांनी हातातली फाइल टेबलावर आपटली आणि तो दगड जवळजवळ हिसकावून घेतला. "नको नको! तो माझा आहे." आवाज इतका चिरकला की मॅडम दचकल्याच.

निवृत्तीला दोन तास उरले होते. माती आणि खडकांच्या त्या प्रयोगशाळेत मामांनी एकतीस वर्षे माती वाळवली, कुटली, चाळली. चाळणीवरून हे नाव पडले आणि खरे नाव फक्त हजेरीपटावर उरले. चिमूटभर माती बोटांत चोळून तीत वाळू किती नि चिकण किती हे ते सांगायचे आणि दोन दिवसांनी यंत्र निमूटपणे तेच सांगायचे. असा माणूस आज मॅडमवर ओरडला, तो रद्दीत काढलेल्या नि नुकत्याच वाचलेल्या त्या फायलीमुळे.

फायलीतली गोष्ट मामांच्या नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यातली. नोकरी तेव्हा कच्ची होती, घरी सहा महिन्यांची लेक. विभागातल्या बाईंनी नदीकाठच्या टेकाडांवरून बेचाळीस दगड आणून ठेवले होते. दगड उघड्यावर पडून राहिला की ऊनपावसाने वरून कुजत जातो आणि त्याच्यावर तांबूस, भुसभुशीत साल धरते. साल जितकी जाड, तितका तो तिथे जुना. नदी कोणत्या काळी कुठून वाहत होती, हे बाई त्या सालीवरून ठरवणार होत्या. दोन वर्षांची पायपीट होती ती.

मामांना यातले कोणी काही सांगितले नव्हते. त्यांना दिसले ते मळके दगड. बाई बैठकीला गेल्याचे पाहून त्यांनी तारेचा ब्रश घेतला, बेचाळीसच्या बेचाळीस दगड घासून-धुऊन लख्ख केले, उन्हात ओळीने मांडले आणि शाबासकीची वाट बघत उभे राहिले.

बाई आल्या. स्टूल ओढून बसल्या. एक दगड उचलून सगळीकडून चाचपला. मग म्हणाल्या, "घासण्यात तुझा हात कोणी धरणार नाही रे बाबा. चल, बूट घाल. परत आणायचेत सगळे."

अकरा दिवस दोघे टेकाडे चढत-उतरत होते. चालता चालता बाईंनी त्यांना दगड वाचायला शिकवले. बाईंनी रागावून मोकळे व्हावे असे मामांना रोज वाटे, पण त्या डब्यातले अर्धे त्यांच्या पुढ्यात सरकवायच्या नि पुढचे टेकाड दाखवायच्या. घासलेल्यांपैकी एक दगड मामांनी खिडकीबाहेर ठेवून दिला. स्वतःला आपली चूक आठवावी म्हणून.

एवढ्यावरच ते प्रकरण मिटले, असे ते आजवर समजत होते. फायलीत बाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेले होते : "नमुने धुण्याची सूचना मीच दिली होती. सहायकाने ती पाळली. त्याचा दोष नाही." खाली साहेबांचा शेरा, "यांच्या बढतीचा विचार तूर्त करू नये."

ते 'तूर्त' सहा वर्षे चालले होते. मागून आलेले दोघे बाईंच्या पुढे निघून गेले, तेव्हा "माझं नशीबच आळशी," म्हणून बाई हसल्या होत्या आणि मामाही त्यांच्याबरोबर हसले होते. ते हसणे आठवून त्यांना आता मेल्याहून मेल्यासारखे झाले.

निरोपाची भाषणे त्यांच्या कानात शिरलीच नाहीत. हातातला गुच्छ त्यांनी मॅडमच्या टेबलावर ठेवला, दगड पिशवीत घातला आणि तडक बाईंचे घर गाठले.

बाईंना अलीकडे उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नसे. पण जिन्यावरची पावले त्यांनी ओळखली.

"ये रे. सुटलास एकदाचा?"

मामांनी वाटेत बरेच काही जुळवून ठेवले होते. ऐन वेळी तोंडातून निघाले ते भलतेच. "बाई, तुम्ही खोटं लिहिलंत."

"कुठलं? आयुष्यभर अहवाल लिहिले मी. नक्की सांग."

"दगड धुवायला तुम्ही सांगितलं नव्हतं."

"धुवू नको, असंही नव्हतं सांगितलं. ते सांगायला हवं होतं."

"सहा वर्षं गेली तुमची."

"गेली असती तशीही, कुठं तरी."

"माझं घर उभं राहिलं त्यावर. लेक शिकली." मामांनी नाक ओढले. "एकतीस वर्षं मी तुमच्यापुढे वावरलो आणि साधे उपकार मानले नाहीत."

"मग आज मान आणि मोकळा हो. रडू मात्र नको, मला दिसत नाही, उगाच वाया जाईल."

मामा रडता रडता हसले. पिशवीतून दगड काढून त्यांनी बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो फिरवला, अंगठ्याच्या नखाने हळूच खरवडला आणि त्यांचा चेहरा उजळला. "त्यातलाच एक! ठेवलास तू?"

"एकतीस वर्षं उन्हापावसात आहे, बाई. धरली का साल?"

"छे रे. आत्ता कुठं जरासा खरबरीत लागतोय." त्यांनी तो मांडीवर घेतला. "राहू दे माझ्या गॅलरीत. पण चिठ्ठीशिवाय नमुना ठेवायचा नाही, ही आपली रीत. घे कागद. लिही, नदीकाठ, दुसरं टेकाड. साल नाही. माझ्या सूचनेवरून धुतला."

मामांनी खिशातले पेन काढले. नदीकाठ, दुसरे टेकाड, साल नाही, इथपर्यंत सांगितले तसे लिहिले. पुढे पेन थांबले. मग त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिले : "मी कोणालाही न विचारता धुतला." खाली एकतीस वर्षांपूर्वीची तारीख घातली आणि हजेरीपटावरचे आपले पूर्ण नाव लिहून सही केली.

"वाच बघू," बाई म्हणाल्या.

"नदीकाठ, दुसरं टेकाड. साल नाही," मामांनी स्वच्छ आवाजात वाचले. "बाईंच्या सूचनेवरून धुतला."

"बरोबर," बाई म्हणाल्या. मामांनी चिठ्ठी दोऱ्याने दगडाला बांधली, तशी बाईंनी बोटांनी चाचपून गाठ घट्ट बसली की नाही ते पाहिले आणि दगड गॅलरीच्या कठड्याशी, पाऊस येतो त्या बाजूला, नीट टेकवून ठेवला.