जागेचे धनी जाळीत

फणस नावाचा बोका आमच्या घरी आला, सध्या फ्रिजवर झोपलेला आहे आणि सगळं नीट पार पडलं. हे तुम्ही वाचलेलं नाही. शनिवारी सकाळी आमच्यापैकी कोणालाच ते माहीत नव्हतं, मग तुम्हालाच का माहीत असावं?

शनिवारी सकाळी माझी बहीण ओई स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उकिडवी बसली होती.

"तोन, इथून बाहेर येशील का रे?"

"ताई, या फटीतून माझं बोटसुद्धा जाणार नाही."

"प्रयत्न न करता कसं कळलं?"

गेला महिनाभर मी आमच्या घरातला बदली बोका होतो. ताई मला रांगायला लावायची आणि म्हणायची, "पळून दाखव." न्हाणीघराच्या खिडकीतून एकदा मी खरंच पळून दाखवलं. त्या खिडकीला जाळी लागली आणि माझ्या पाठीला बाम. लिलीची कुंडी शेजाऱ्यांकडे गेली, कारण लिलीचे पराग नुसते चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं जातात. दोरे, रबरं, पिशव्या झाकणाच्या डब्यात गेल्या, वायरी नळीत गेल्या. जनावरांचा डॉक्टर ठरला. तो झोपलेला असेल तर उठवायचा दुसराही ठरला. पलंगाखाली एक खोका ठेवला, नव्या पाहुण्याला सुरुवातीला जगापासून लपता यावं म्हणून. मी त्यात बसून पाहिलं. खांद्यांपर्यंत फार बरं वाटतं.

हे सगळं मला गमतीचं वाटत होतं. ताईला नव्हतं. तिची तीळ नावाची काळी मांजर होती. पिण्याच्या पाण्याची मोठी बाटली घेऊन माणूस आला, ताईनं त्याच्यासाठी फाटक उघडं धरलं, तीळ तिच्या पायांमधून बाहेर गेली आणि समोरून बर्फाचा ट्रक आला. तेव्हापासून ताई फाटकात उभी राहून कोणाशी बोलत नाही. मग एक दिवस तिनं फोनवर फणसचा फोटो पाहिला: पिवळा, एका डोळ्याचा, रांगेत कोणीतरी मध्येच घुसल्यासारखा चेहरा. फोटो बघून ती आधी रडली आणि मग जाळीवाल्याला फोन केला.

फणस तात्पुरता ज्यांच्याकडे होता त्या रविवानबाई. बाई कोणालाही बोका देत नाहीत. आधी घर बघायला येतात आणि पिशवीतून एक पेरू काढतात. पेरू घरातल्या प्रत्येक फटीला लावून बघतात. पेरू गेला तर बोक्याचं डोकं जातं, आणि डोकं गेलं तर बोका जातो. घर पास झालं तर तोच पेरू तिथेच कापून, तिखटमीठ लावून खातात. नापास झालं तर पेरू परत पिशवीत. आमच्यामागे रांगेत रांगसित गावचं एक जोडपं होतं. त्यांच्या घरी पेरू खाऊन झाला होता.

म्हणून ताईनं पुढचं अंगणसुद्धा सोडलं नाही. फाटकाच्या आतल्या बाजूनं थेट छपरापर्यंत जाळी आणि तिला जाळीचंच दार, फणसला ऊन खाता यावं म्हणून. आदल्या संध्याकाळी शेवटची गाठ मारून आम्ही दोघं मागे सरकलो आणि बघत राहिलो. देखणं काम झालं होतं. फक्त त्या अंगणात आधीपासून कोण राहतं, हे आम्ही विसरलो होतो.

आठवण करून द्यायला शनिवारी सकाळी सोमजित आत्या आली. घर तिचं आहे. ती पलीकडच्या गल्लीत राहते आणि आम्ही तिच्या मेहेरबानीवर. तिच्या हातात झेंडूची माळ, केळी, संत्री आणि लाल सोड्याची बाटली होती.

"हे काय केलंत?"

"बोक्यासाठी जाळी, आत्या."

"आणि आत कोण आहे?"

आम्ही वळून पाहिलं. कोपऱ्यात, खांबावर, जागेच्या धन्यांचं, म्हणजे जमीन राखणाऱ्या देवांचं, छोटं सोनेरी घर. समोर लाकडी हत्ती, वीतभर नर्तकी, नैवेद्याचा कालचा सोडा, त्यात स्ट्रॉ. आणि या सगळ्यावर जाळीची चौकटी-चौकटीची सावली. त्या घरावर आमच्या घराची सावली पडू नये म्हणून आजोबांनी अर्धा सज्जा पाडून घेतला होता.

"धन्यांना पिंजऱ्यात घातलंत! रात्रभर!"

"ते जाळीतून जाऊ शकत नाहीत का?" मी विचारलं.

"तू जाऊ शकतोस?"

"मी धनी नाही, आत्या."

"ते दिसतंच आहे."

"पण भिंतीतून तर जातात."

"भिंत घराची असते. जाळी संशयाची असते. ज्यांच्या जागेत राहता त्यांच्यावरच संशय? तरीच काल माझा गॅस संपला."

"दुपारपासून डुकराचे पाय शिजत होते तुझ्याकडे."

"ते दर आठवड्याला शिजतात. गॅस कालच का संपला?"

आत्या आत जाऊन कात्री घेऊन आली.

"आत्या, नको ना," ताई म्हणाली. "बाई आत्ता येतील."

"धन्यांची वाट मोकळी झाल्याशिवाय या घरात बोका येणार नाही. माझं घर आहे."

तिनं रस्त्याच्या बाजूला जाळी कापली. धन्यांची मूर्ती वीतभर आहे, पण त्यांना मान वाकवावी लागू नये म्हणून आत्यानं भोक माझ्या छातीएवढं उंच केलं. आम्ही तारेनं ते शिवायचं की तिला आधी घरी पाठवायचं यावर कुजबुजत होतो, तेवढ्यात फाटकापाशी हॉर्न वाजला.

रविवानबाई एकट्या उतरल्या. गाडीच्या मागच्या सीटवर प्रवासी पेटी होती आणि पेटीत एक डोळा.

ताई भोकासमोर जाऊन उभी राहिली. हात पसरून, जणू तिला नेहमी असंच उभं राहायला आवडतं. मी बाईंना घर दाखवलं. पेरू न्हाणीघराच्या खिडकीला लागला; गेला नाही. मोरीच्या तोंडाला, फ्रिजच्या मागे, जिन्याच्या कठड्याला लागला. कुठेच गेला नाही. पलंगाखालचा खोका बघून बाई पहिल्यांदा "हं" म्हणाल्या. मला वाटलं आता तिखटमीठ काढावं.

"अंगण राहिलं," बाई म्हणाल्या.

अंगणात ताई अजून तशीच.

"जरा सरकता का?"

ताई सरकली नाही. मग सरकली. बाईंनी पेरू भोकाशी नेला. लावायची गरजच नव्हती. तो हातातून निसटला, भोकातून गेला, फाटकाखालून गेला, उतारावर वेग घेतला आणि रस्त्याच्या मधोमध पोचला. तिथे त्याच्यावरून बर्फाचा ट्रक गेला.

ताईच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"धन्यांची वाट," आत्या म्हणाली.

बाईंनी कोपऱ्यातल्या घराकडे पाहिलं, चटकन हात जोडले आणि त्यांची पंचाईत झाली. "वाट बंद करा असं मी म्हणू शकत नाही," त्या हळूच म्हणाल्या, जणू कोपऱ्यात ऐकू जाईल. "आणि उघडी ठेवा असंही म्हणू शकत नाही."

"धनी बोक्यावर लक्ष ठेवतील," आत्या म्हणाली.

"घरमालकांवर भरवसा ठेवून मी बोका देत नाही, मावशी. ते कितीही मोठे असोत."

त्यांचा फोन वाजला. रांगसितचं जोडपं. "जेवणाआधी सांगते," बाई फोनवर म्हणाल्या. पेटीतून एक लांब, तक्रारीचं म्याव आलं.

तेव्हा ताई बोलली. "त्यांनाच द्या."

"ताई!"

"तू गप्प बस, तोन. भोक असलेल्या घरात मी मांजर ठेवणार नाही. कोणासाठी का असेना ते भोक. मागच्या वेळी फाटक एका बाटलीपुरतं उघडं होतं." तिचा आवाज फाटला. "घेऊन जा त्याला. गाडीतल्या एसीची हवा थेट पेटीवर येतेय, तेवढी झडप वळवा."

बाई गाडीपर्यंत गेल्या. दाराला हात लावला.

"अगं, मग जाळीच मागे घ्या ना," आत्या म्हणाली. "धन्यांच्या मागून घ्या. धनी बाहेर, बोका आत. त्यात काय कठीण आहे?"

आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो.

"हे सकाळी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सकाळी मी रागावले होते."

जाळी सोडून, मागे ओढून, पुन्हा बांधायला घाई करावी लागली. माझी बोटं अजून सोलपटलेली आहेत. भोकाचा तुकडा ताईनं कापूनच टाकला. फणसच्या वाट्याला अर्धं अंगण आलं, पण उन्हाचं. धन्यांवरची सावली गेली. आत्यानं माळ घातली, केळी आणि संत्री मांडली, सोडा उघडला, उदबत्त्या लावल्या.

"आता तपासते," बाई म्हणाल्या आणि रिकाम्या हाताकडे बघत थांबल्या. पेरू रस्त्यावर होता, पसरलेला.

"केळं चालेल?" मी विचारलं.

"केळ्यानं तपासणी होत नाही. केळं कुठूनही जातं."

सगळ्यांच्या नजरा एकाच वेळी धन्यांच्या ताटातल्या संत्र्यावर गेल्या.

"हात लावायचा नाही," आत्या म्हणाली. "जेवताहेत. उदबत्ती संपली की जेवण संपलं. मग विचारून घ्यायचं."

आम्ही चौघं रांगेत उभं राहून उदबत्ती जळताना बघत राहिलो. फोन पुन्हा वाजला. बाईंनी तो उचलला नाही, पण बंदही केला नाही. राख वाकायची, पडेल वाटायचं, पडायची नाही. मी हळूच फुंकर मारली.

"फुंकू नकोस! ठसका लागेल त्यांना."

"लवकर जेवा, धनी," ताई पुटपुटली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला देवाला घाई करताना ऐकलं.

तिसऱ्यांदा फोन वाजत असताना शेवटची ठिणगी विझली. आत्यानं हात जोडून परवानगी मागितली, संत्रं उचललं आणि बाईंच्या हातात दिलं. बाई जाळीच्या कडेनं चालत गेल्या. वर, खाली, कोपरा, जाळीच्या दाराची बिजागरी. संत्रं कुठेच गेलं नाही. दुसऱ्या कोपऱ्यात बाई थांबल्या. पुन्हा लावलं. दाबलं. ताईनं माझा दंड धरला. तिची नखं त्यात बसली.

बाई वळल्या, पायरीवर बसल्या आणि संत्रं सोलायला लागल्या.

संध्याकाळी आत्यानं मला कागद दिला. म्हणाली, "तू जिल्हा कचेरीत नोटिसा लिहितोस, तर धन्यांची माफी नीट भाषेत लिही." ताई शेजारी बसून फाटकाकडे बघत होती, फणस पलंगाखालच्या खोक्यात होता, खांद्यांपर्यंत. मी लिहिलं, ताईनं शेवटची ओळ घातली, आणि आम्ही तो कागद उदबत्तीखाली ठेवला:

"प्रति, जागेचे धनी. विषय: एका रात्रीच्या कोंडमाऱ्याबद्दल क्षमायाचना व त्याअनुषंगाने विनंती. महोदय, उपरोक्त जाळी हटवण्यात आली असून आपली वाट पूर्ववत मोकळी आहे. सदर वाटेने ये-जा करताना फाटकाची कडी लावून घेण्याची कृपा करावी. आमच्यापैकी कोणी फाटक लावायला विसरल्यास ते आपण स्वतः लावावे, आणि लावल्याचे त्याच दिवशी लेखी कळवावे."