ऑपलच्या पायाचा अंगठा

मनुष्याचा देवाशी करार होतो तो पाण्यात, आणि त्या क्षणी स्वर्गातले देवदूत श्वास रोखून खाली पाहत असतात. आमच्या स्टेकच्या, म्हणजे खोऱ्यातल्या सगळ्या मंडळ्यांच्या मिळून असलेल्या, इमारतीत बाप्तिस्म्याच्या टाकीत ते पाणी भरायला तीन तास दहा मिनिटं लागतात, आणि बॉयलर अर्ध्या वाटेत दम टाकत असल्यामुळे निम्मं पाणी कोमट, निम्मं गार असतं. देवदूतांचं खात्रीने सांगता येणार नाही. श्वास रोखतो तो टाकीत उतरणारा.

त्या शनिवारी सकाळी सात वाजता व्हर्डेल जॉर्गनसन पँट गुडघ्यापर्यंत दुमडून टाकीच्या पायरीवर बसला होता आणि दर पाच मिनिटांनी पाण्यात हात घालून बघत होता. मी खुर्च्या मांडत होतो. आज बॉयलरने दगा दिला तर मी त्याला गोळी घालीन, असं त्याने मला शांतपणे सांगितलं. व्हर्डेल बहात्तर वर्षांचा. टर्की कोंबड्यांच्या खाद्याच्या गिरणीत चाळीस वर्षं त्याने यंत्रं दुरुस्त केली, आणि यंत्रांबद्दल तो कधी गंमत करत नसे. मी हसलो नाही.

एकतीस वर्षं ही टाकी तोच भरत होता, आणि एकतीस वर्षं टाकीच्या काठावर साक्षीदार म्हणूनही तोच उभा राहत होता. नियम साधा आहे. माणूस सबंध पाण्याखाली गेला पाहिजे. केस, कोपर, बाहीचं टोक, काहीही वर राहिलं तर बाप्तिस्मा पुन्हा. प्रार्थनेतला शब्द चुकला तरी पुन्हा. हे बघायला दोन साक्षीदार लागतात. बाकीचे साक्षीदार बुडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतात आणि त्यांचे डोळे भरून येतात. व्हर्डेल टोकांकडे बघायचा. "कोपर," असं म्हणायचा, आणि पोराला पुन्हा बुडवावं लागायचं. स्टेकच्या अध्यक्षांच्या नातीची वेणी चार वेळा तरंगली तेव्हा चारही वेळा तो "वेणी" म्हणाला. पाचव्या वेळी मुलीने वेणी दातांत धरली. आमच्या खोऱ्यातल्या तीन-चारशे जणांचा उद्धार असा आवळून पक्का केलेला आहे.

त्याच्या बायकोचा तेवढा राहिला होता.

ऑपल मिनेसोटातल्या लुथरन, म्हणजे दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, घरातली. व्हर्डेलशी तिचं लग्न चव्वेचाळीस वर्षांपूर्वी कोर्टात झालं, कारण आमचं मंदिर या इमारतीहून वेगळं, आणि तिथे पंथाबाहेरच्या माणसाला घेत नाहीत. तेव्हापासून ती आमच्या वॉर्डात, म्हणजे आमच्या मंडळीत, होती आणि नव्हतीही. वॉर्डातल्या प्रत्येक मयतीला चीज घातलेल्या बटाट्यांचा मोठा ट्रे तिच्याकडूनच यायचा. सभागृहाचे पडदे तिने शिवलेले. वॉर्डातलाच कोणीतरी काही वर्षं बिशप होतो; असे एकामागून एक सात बिशप तिला बाप्तिस्म्याचं विचारायला गेले. सातही जणांना तिने ॲपल-पाय वाढला आणि त्यांच्या समोर बसून कॉफी प्यायली. आमच्यात कॉफी निषिद्ध आहे. तिची किटली खिडकीत असायची, आणि अर्ध्या गल्लीला त्या वासाचं व्यसन लागलं होतं. प्यायचं पाप मात्र तिच्या एकटीच्या नावावर.

व्हर्डेलने तिला एकदाही आग्रह केला नाही. मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, बोल्ट जबरदस्तीने फिरवला की आटे जातात.

मग एप्रिलमध्ये शेजारचे म्हातारे निल्सन वारले. त्यांच्या पत्नी आर्व्हा निल्सन मयतीनंतरच्या जेवणाच्या वेळी सगळ्यांना सांगत होत्या, काही रडायचं कारण नाही, आमचं लग्न मंदिरातलं आहे, कायमचं बांधलेलं. म्हातारा पुढे जाऊन खोली बघून ठेवील. ऑपल बटाटे वाढत ऐकत होती. परत जाताना गाडीत तिने व्हर्डेलला विचारलं, "आणि आपलं?"

व्हर्डेलला खोटं बोलता येत नव्हतं. त्याने दोन मैल गाडी चालवली आणि म्हणाला, "आपलं मरेपर्यंत."

तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी कॉफीची किटली अंगणात आली आणि तिच्यात जिरेनियमचं रोप लावलेलं दिसलं. गल्लीत बातमी नऊच्या आत पोचली.

बिशप ल्यूक मॅडसन तिच्या मुलाखतीला गेला तेव्हा वॉर्डाचा कारकून म्हणून मीही होतो. बिशप चाळिशीचा, धंद्याने टर्कीवाला, आणि एवढी मोठी शिकार आपल्या कारकिर्दीत सापडल्याने तो खुर्चीच्या टोकावर येऊन बोलत होता. बाप्तिस्मा म्हणजे करार, त्याने समजावलं. आपण ख्रिस्ताचं नाव घ्यायचं, एकमेकांची ओझी उचलायची, रडणाऱ्याबरोबर रडायचं; त्याच्या बदल्यात देव आपला आत्मा आपल्याबरोबर ठेवतो.

ऑपल म्हणाली, "ओझी मी चव्वेचाळीस वर्षं उचलतेय, बटाट्यांसकट. नवीन काय आहे ते सांगा."

बिशपने जरा विचार केला. "कॉफी," तो म्हणाला.

कॉफी सुटल्यावर तिचं डोकं नऊ दिवस दुखलं. त्या नऊ दिवसांत ती व्हर्डेलला जे बोलली ते त्याने मला हौसेने सांगितलं. तो हवेत तरंगतच होता. गिरणीच्या जुन्या दोस्तांना फोन झाले. नवा पांढरा टाय आला. प्रार्थनेचे जेमतेम पंचवीस-तीस शब्द तो एकतीस वर्षं ऐकत आला होता. आता आंघोळीत, गॅरेजमध्ये, हिरवळ कापताना तेच शब्द चालू असायचे. बुडवणार तोच होता, त्यामुळे साक्षीदार दुसरे हवे होते. एक मी. दुसरं नाव ऑपलने सुचवलं: आर्व्हा निल्सन. बायकांना साक्षीदार होता येतं हे आमच्याकडे अलीकडचंच. वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी आर्व्हाबाईंना पहिल्यांदा कोणी विचारलं होतं. त्या पक्षी बघायची दुर्बीण घेऊन आल्या.

टाकी पाच फुटांवर होती. बिशपने हळूच विचारलं, दुर्बीण कशाला.

"इतकी वर्षं मला कोणी बघायला सांगितलं नाही," आर्व्हाबाई म्हणाल्या. "आता सांगितलंय तर नीट बघणार."

दहा वाजता खोलीत उभं राहायला जागा नव्हती. लग्नालाही एवढी माणसं येत नाहीत. मागच्या रांगेत सातपैकी चार बिशप बसले होते, आणि प्रत्येकाचा चेहरा असा की पेरणी आपण केली होती. पांढऱ्या सुटातली ऑपल दारात आली तेव्हा कोणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. आमच्यात प्रार्थनागृहात टाळ्या वाजवत नाहीत, म्हणून त्या मध्येच थांबल्या.

ती अडुसष्ट वर्षांची, आडव्या बांध्याची, आणि डावा गुडघा कृत्रिम. तो गुडघा अर्धाच वाकायचा. व्हर्डेलने तिला हात देऊन चार पायऱ्या उतरवलं. पाण्याला तिचा पाय लागला तेव्हा ती काहीतरी म्हणाली. तो शब्द बहुतेक लुथरन असावा.

व्हर्डेलने उजवा हात काटकोनात वर केला. प्रार्थना माणसाच्या संपूर्ण नावाने सुरू करायची असते. व्हर्डेल म्हणाला, "ऑपल," आणि थेट पुढच्या शब्दांना लागला. चव्वेचाळीस वर्षं तिला त्याने दुसऱ्या कोणत्या नावाने हाक मारलेली नव्हती. मी आणि आर्व्हाबाईंनी एकदमच नकाराच्या माना हलवल्या. ते त्याच्याही लक्षात आलं. तिला बुडवायच्या आत तो थांबला आणि पुन्हा सुरुवात केली: ऑपल इंग्रिड जॉर्गनसन. मग तिला मागे कलतं करून पाण्यात घातलं.

डोकं गेलं, खांदे गेले, पोट गेलं, आणि डावा पाय एखाद्या पुलासारखा वर आला.

"पाय," आर्व्हाबाई दुर्बिणीतून म्हणाल्या. गरज नव्हती, तो शेवटच्या रांगेतूनही दिसत होता.

दुसऱ्या वेळीही तोच पाय वर आला. तिसऱ्या वेळी व्हर्डेलने तिच्या सुटातली हवा दाबून काढली, तिला उजवा गुडघा वाकवायला सांगितलं, आणि इतक्या जोरात बुडवलं की टाकीतलं पाणी आर्व्हाबाईंच्या मांडीवर आलं. त्या दुर्बिणीच्या काचा पुसायला लागल्या. त्याच क्षणी पाण्याबाहेर ऑपलच्या डाव्या पायाचा अंगठा आला. फक्त अंगठा, तोही नखापुरता. मग बुडाला.

तो मी एकट्याने पाहिला.

ऑपल वर आली ती धापा टाकत. ओठ निळे पडायला लागले होते. लोकांनी सुस्कारा सोडला, बिशपच्या डोळ्यांत पाणी, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी जिल्ह्याच्या शाळेत इतिहास शिकवतो. एका नखाने स्वर्गाचं काय बिघडतं, याचा मी तेवढ्या वेळात बराच विचार केला.

"व्हॉन," व्हर्डेल म्हणाला. "अंगठा?"

"मला नाही दिसला," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "इतिहासाचा मास्तर असून तुला धड खोटं बोलता येत नाही."

व्हर्डेलने बायकोकडे पाहिलं, मग पाण्याकडे. त्याचा चेहरा मला पाहवेना. तीनशे पोरांना ज्याने नख माफ केलं नव्हतं तो माणूस त्या क्षणी माझं खोटं उचलून खिशात टाकायला तयार होता. नाकापर्यंत आलेले केस ऑपलने मागे सारले.

"दिसला असेल तर दिसला म्हण, व्हॉन," ती म्हणाली. "मला अर्धवट बांधून घ्यायचं नाही. पुढे कोणी कागद काढला आणि मला वेगळ्या खोलीत टाकलं तर?"

"दिसला," मी म्हणालो.

"व्हर्डेल, तू पोरांच्या वेळी काय सांगतोस?"

बुडवणाऱ्याने आपला पाय पोराच्या पावलावर ठेवायचा, म्हणजे पाऊल उठत नाही, हे तो एकतीस वर्षं सांगत आला होता. पण त्या गुडघ्यावर भार पडता कामा नये, असं डॉक्टरने बजावलं होतं. तो पुटपुटला की तुझ्या गुडघ्याला काही झालं तर.

"या गुडघ्याला हमी आहे," ऑपल म्हणाली. "ठेव पाय. सगळं वजन घालून ठेव."

त्याने पाय ठेवला. तिने डोळे मिटून घेतले, त्याच्या मनगटाला धरलं, दुसऱ्या हाताने नाक दाबलं. या वेळी तो कुठे अडखळला नाही. संपूर्ण नाव, सगळे शब्द, आणि ती पाण्याखाली गेली. पाणी तिच्यावरून मिटलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. पण मी टाकीच्या कठड्यावरून इतका वाकलो होतो की बिशपने माझा कोट धरून ठेवला होता. काही वर नव्हतं. धागासुद्धा नव्हता.

"सगळी गेली," आर्व्हाबाई म्हणाल्या.

टाळ्या वाजल्या आणि या वेळी थांबल्या नाहीत. मागच्या रांगेतल्या एका बिशपने शिट्टी वाजवली. व्हर्डेल छातीभर पाण्यात उभा राहून हसत होता आणि रडत होता, आणि ऑपल त्याला सांगत होती की आता माझ्या पायावरून उतर.

कपडे बदलून ती बाहेर आली तेव्हा पाव वाटीएवढ्या कपांत लिंबाचं सरबत फिरत होतं. केस ओले, गाल लाल. माझ्या हातात बाप्तिस्म्याच्या नोंदीचे कागद होते, ते तिने वाचले, स्वतःचं नाव दोनदा वाचलं. मग म्हणाली की बुधवारी आम्ही मंदिरात जातोय, लग्न बांधून घ्यायला. तिने बहिणीला मिनेसोटात कळवलं होतं, व्हर्डेलच्या सुटाला इस्त्री केली होती.

मी व्हर्डेलकडे पाहिलं. व्हर्डेलने सरबताकडे पाहिलं.

बाप्तिस्मा झाल्यावर वर्षभर थांबावं लागतं. नव्या माणसाने पहिला करार वर्षभर पाळून दाखवावा, मग मंदिराचा मोठा करार. हे खोऱ्यातलं शेंबडं पोरही जाणतं. ऑपलला माहीत नव्हतं, कारण चव्वेचाळीस वर्षं हा विषय तिच्यासमोर कोणी काढला नव्हता. आणि एप्रिलनंतर व्हर्डेलची सांगायची छाती झाली नाही. वर्षाचं नाव काढलं आणि तिने किटलीतलं जिरेनियम उपटून टाकलं तर, ही त्याला भीती. ज्याला खोटं बोलता येत नव्हतं त्याने न बोलण्याची युक्ती वापरली होती.

आता त्याने सांगितलं. एका दमात, नियमाचा क्रमांक सांगावा तसं.

हृदयाच्या दोन नळ्या बदललेला बहात्तर वर्षांचा नवरा ऑपलने वरपासून खालपर्यंत पाहिला, एखादं यंत्र अजून किती चालेल हे बघावं तसा. मग त्याच्या पांढऱ्या टायची ओली गाठ सरळ केली.

"चव्वेचाळीस वर्षं मी तुला थांबायला लावलं," ती म्हणाली. "एक वर्ष मी थांबते. तू फक्त मध्ये मरू नकोस."

"बरं," व्हर्डेल म्हणाला.

तो अकरा महिने जगला. मेल्यावरही लग्न बांधता येतं. मेलेल्याच्या जागी जिवंत माणूस लागतो. वर्ष पुरं झाल्यावरच्या पहिल्या बुधवारी ऑपल मंदिरात गेली, आणि वेदीच्या पलीकडे त्याच्या जागी मी गुडघे टेकले. विधीला सहा मिनिटं लागली, कपडे बदलायला वीस.